ह्यांचं नाक आणि कठड्यावरचा टॉवेल

माझं लग्न ठरलं तेव्हा मावशीने विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" आणि आत्या म्हणाली, "गॅस कंपनीत वास घेतो." मावशीला वाटलं, आत्या थट्टा करतेय. ती दिवसभर फुगून बसली. थट्टा कसली, खरंच होतं ते. आमच्या ह्यांनी जन्मभर वास घेण्याचाच पगार घेतला.

शहरभर जमिनीखालून गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात आणि त्या कुठे ना कुठे झिरपत असतात. त्या गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून कंपनीच त्यात एक घाण वास मिसळते, नासक्या अंड्यासारखा. गळती झाली की लोकांना कळावं म्हणून. कळतो सगळ्यांनाच, पण ह्यांना सगळ्यांच्या आधी कळायचा. भर रस्त्यात गुडघे टेकायचे, डांबराच्या भेगेला नाक लावायचे, डोळे मिटून एक लांब श्वास ओढायचे आणि सांगायचे, "इथे नाही. त्या खांबाच्या पलीकडे खणा." खणलं की जोड सापडायचा. त्यावर साबणाचं पाणी ओतलं की बुडबुडे यायचे आणि हे हात झटकून उभे राहायचे. पुढे मीटर आले. पण मीटर घेऊन चार जण थकले की साहेबच म्हणायचे, "नाकोबांना बोलवा." ऑफिसात तेच नाव पडलं होतं. ह्यांना ते आवडायचं, वरवर नाक मुरडायचे एवढंच.

ऐकायला गंमत वाटते ना? मग करा संसार असल्या नाकाशी! मी केलाय. घरात पावडर नाही, अत्तर नाही, वासाचं तेल नाही, कपाटात डांबरगोळी नाही. "नाक खराब होतं" एवढंच उत्तर. अंगाला लावायला एक पांढरा साबण यायचा, कपडे धुवायचा की भांडी घासायचा असा प्रश्न पडावा असला. लग्नात बहिणीने दिलेली अत्तराची कुपी मी न उघडताच परत केली. दुकानात गेले की मी चंदनाच्या साबणाची वडी उचलायची, वेष्टनावरूनच हुंगायची आणि होती तिथे ठेवून द्यायची. दुकानदाराला माहीत झालं होतं. तो नुसता हसायचा.

आणि ह्यांच्यापुढे काही लपायचं नाही. मी शेजारणीकडे बसून चहा घेतला तर तो कोणत्या पुडीचा होता ते सांगायचे. तळमजल्यावरच्या मास्तरांकडे दूध उतू जायला आलं की हे तिसऱ्या मजल्यावरून ओरडायचे, "मास्तर, गॅस बंद करा!" मास्तर खालून हात जोडायचे. सगळ्या इमारतीला ह्यांचं कौतुक. माझ्या वाट्याला काय, तर पांढरा साबण!

मी घरी पडदे शिवते. खिडकीला माप लावायचं, कापायचं, दुमड घालायची, कड्या बसवायच्या. काम बरं आहे, पण कापडाच्या धुळीने म्हणा किंवा नशिबाने म्हणा, मला दमा जडला. इनहेलर असतो शिलाई मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांशेजारी. एरवी आम्ही दोघं, मी आणि माझा दमा, गुण्यागोविंदाने राहायचो. मग डोंगर पेटायला लागले.

ते डोंगर आमच्या खिडकीतून दिसतही नाहीत, इतके लांब आहेत. पण गेली काही वर्षं उन्हाळा तापला की तिथली जंगलं पेटतात, आठवडेच्या आठवडे जळतात आणि वारा फिरला की तो सगळा धूर आमच्या डोक्यावर येऊन बसतो. सूर्य तांबडा होतो, दुपारी दिवे लावावे लागतात. पहिल्या वर्षी कुणाला काही कळेना. खिडकी उघडावी तर घसा जळतो, लावावी तर जीव गुदमरतो. तेव्हा मास्तर वर आले आणि ह्यांना म्हणाले, "नाकोबा, तुम्हीच सांगा बुवा, कधी उघडायचं."

झालं! तेव्हापासून प्रथाच पडली. हे सकाळी दात घासायच्याही आधी बाल्कनीत जायचे, कठड्याला हात टेकवून मान वर करायचे आणि छाती भरून हवा ओढायचे. एकदा, दोनदा, तीनदा. धुराचा वास असला तर गुपचूप आत यायचे. नसला तर आपला पांढरा टॉवेल कठड्यावर टाकायचे. टॉवेल दिसला की खटाखट खिडक्या उघडायच्या, खालपासून वरपर्यंत. समोरच्या इमारतीतले लोकसुद्धा आमच्या टॉवेलकडे बघून खिडक्या उघडायला लागले. ह्यांचा रुबाब काय विचारता! मंत्री झेंडा फडकावतात तसा हे टॉवेल टाकायचे.

या वर्षी मात्र धूर आला तो हलेचना.

मी सांगते तुम्हाला, बंद घराइतकी वाईट गोष्ट नाही. खिडक्यांच्या फटींना कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यावर मी जाड पडदे ओले करून सोडले होते, तेवढाच धूर अडेल म्हणून. सकाळी ते पडदे पिळले की पाणी चहाच्या रंगाचं निघायचं. घरात उकाडा, अंगाला चिकचिक. मी मशीनवर बसायची, एक शिवण घालायची, उठायची. स्वयंपाकघरात जायची, कशाला आले ते विसरायची, परत यायची. हे बाल्कनीच्या दारापाशी फेऱ्या मारायचे. मी या टोकाला, हे त्या टोकाला. मध्येच एकमेकांना आडवे आलो की दोघंही चिडायचो. "बसा की जरा!" मी म्हणायची. "तू बस!" हे म्हणायचे. कुणीच बसायचं नाही.

आमची लेक याच शहरात, पण पलीकडच्या टोकाला राहते. हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, म्हणून हे तिला शास्त्रीणबाई म्हणतात. म्हणजे बघा, बाप गॅसमध्ये नाक खुपसतो आणि लेक हवेत! ती एका सुट्टीच्या दिवशी आली ती हवेतले कण मोजायचं एक छोटं मीटर घेऊन. येताना केसांना कसलासा वासाचा शाम्पू लावून आली होती. आता हे डाफरणार म्हणून मी डोळ्यांनी खुणा केल्या. पण हे काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, वय झालं, निवळले.

तिने पिशवीतून एक डबी काढली. आत कागदाची गोल चकती, मधोमध तपकिरी डाग. "ही एका दिवसाची हवा," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या बाल्कनीतलीच समजा."

"राख आहे," हे म्हणाले.

"नुसती राख असती तर बरं होतं." ती माझ्या मशीनवर कोपर टेकून बसली. "झाड जळतं तेव्हा असंख्य पदार्थ तयार होतात. ते बारीक कणांना चिकटून येतात. त्यातले काही फार उतावळे असतात. कसं सांगू, समजा एखाद्याचा एक हात मोकळा राहिलाय. तो मोकळा हात समोर येईल त्याला धरायला बघतो. हवेत कुणी सापडलं तर त्याला, नाहीतर आपण श्वास घेतला की फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला. धरतो, ओरबाडतो. तिथे सूज येते. आईसारख्यांना तर लगेच."

मी पदराने छाती झाकून घेतली, जसा काही त्याने उपयोग होणार होता.

"मग वास आला की दार लावायचं. तेच तर करतोय आम्ही," हे म्हणाले.

"तिथेच तर गोम आहे, बाबा. वास देणारे पदार्थ आधी उडून जातात, विरून जातात. कण मागे उरतात. दिवसचे दिवस उन्हात, वाऱ्यात फिरतात आणि फिरता फिरता बदलतात. कधी कधी तर ताज्या धुरापेक्षा जास्त झोंबतात. असा जुना धूर आला तर वास येणारही नाही. म्हणून हे मीटर बघत जा. तेही सगळं सांगत नाही म्हणा. कण किती आहेत ते सांगतं, कण किती खट्याळ आहेत ते नाही सांगत."

"म्हणजे तुझं मीटरसुद्धा अर्धवटच की!"

"हो. पण निदान ते वासाच्या भरवशावर..." ती बोलता बोलता थांबली. पुढचं सगळ्यांना कळलं. हे उठून बाल्कनीच्या दाराशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. लेक गेल्यावर त्यांनी मीटर खणात टाकलं. सारखं पीं पीं करतं म्हणाले.

माझी पंचाईत कळतेय ना? लेकीचं म्हणणं मला पटत होतं. पण ह्यांच्या नाकावर मी इतकी वर्षं जगले होते. एकदा खरोखरच, आमच्या जुन्या घराच्या भिंतीमागे गळती होती आणि ह्यांनी झोपलेल्या आम्हाला ओढून बाहेर काढलं होतं. अशा नाकाला खोटं कसं म्हणायचं? आणि म्हणायचं तर ते मी म्हणायचं?

मग ती सकाळ आली. हे बाल्कनीत गेले, मान वर केली. एकदा, दोनदा, तीनदा. आणि वळले तेव्हा चेहरा असा फुललेला की मी हातातली कात्री खाली ठेवली.

"गेला!" म्हणाले. "धूर गेला. स्वच्छ!"

आणि टॉवेल कठड्यावर. खाली मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. खटाखट, खटाखट, खिडक्या उघडायचे आवाज वरपर्यंत चढत आले. कुणीतरी रेडिओ लावला. मी बाहेर डोकावले. आभाळ पांढुरकं होतं, पाण्यात दूध सांडावं तसं. वास म्हणाल तर मलाही येत नव्हता.

तेवढ्यात फोन. लेक. "आई, खिडक्या उघडू नकोस. हा लांबून आलेला जुना धूर आहे, परवाच्या आगीचाही नाही. आमच्याकडे आकडे खूप वाईट आहेत. मीटर बघ."

मी खण उघडला. मीटरवर लाल आकडा लुकलुकत होता. "अहो," मी म्हटलं, "हे लाल दाखवतंय."

"तुला वास येतोय?"

"नाही."

"मला येतोय?"

"तुमचं तुम्हाला ठाऊक."

"नाही येत! मग धूर आहे कुठे? त्या डबीत?" ह्यांचा आवाज चढला. "अगं, सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघड्या आहेत आणि नाकोबाच्या घराच्या तेवढ्या बंद? लोक काय म्हणतील?"

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांनी माणूस हसला होता. मी कागदी पट्ट्या फाडल्या, पडदे बाजूला सारले, खिडक्या उघडल्या. आणि खोटं कशाला बोलू, वारा अंगावर आला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी तिथेच खिडकीशी खुर्ची ओढून शिवायला बसले.

दुपारपर्यंत मी दोन पडदे पुरे केले. मधूनमधून खोकला यायचा. डोळे चुरचुरायचे. सवयीचंच आहे म्हणून मी दुर्लक्ष केलं. चहासाठी दूध ठेवलं, मंद आचेवर, आणि मशीनवरचा दोरा आवरायला बाहेर आले. दोरा सुईत ओवत होते तर खोकल्याची उबळ आली. मग छाती. छातीवर कुणी गुडघा ठेवून बसल्यासारखं झालं. आत गेलेला श्वास बाहेर निघेना. मी मशीनचा खण ओढला, तो पुरता बाहेर येऊन रिळं घरभर पसरली.

हे धावत आले. इनहेलर शोधला, हलवला, माझ्या तोंडाला लावला. "ओढ! ओढ श्वास! अगं ओढ ना!" मी ओढत होते, जाईल तर ना! दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. काही फरक नाही. ह्यांनी एका हाताने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, दुसऱ्या हाताने माझी पाठ धरून ठेवली.

आणि तेवढ्यात मला वास आला. दूध लागल्याचा. आधी करपट, मग जळका, मग इतका उग्र की मला आणखीच ठसका लागला. मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. बोलता तर येत नव्हतं. हे म्हणाले, "पाणी हवंय? आता पाणी नको, आधी श्वास घे." मी पुन्हा बोट दाखवलं. हे म्हणाले, "हो हो, येतेय गाडी, येतेय." स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं, ह्यांची तिकडे पाठ होती. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ह्या माणसाला खाली मास्तरांचं दूध कळायचं. आता स्वतःच्या घरातलं पातेलं जळतंय आणि चेहऱ्यावर काही नाही. काही म्हणजे काही नाही! गुदमरत असतानाही मला ती भीती वेगळी कळली.

लेक दारातून आत शिरली. सकाळी मी फोनवर धड उत्तर दिलं नव्हतं म्हणून हातातलं काम आटोपून तशीच निघून आली होती. आत पाऊल टाकताच ओरडली, "काय जळतंय?"

"काही जळत नाहीये," हे म्हणाले. "तू आधी आईला धर."

"बाबा, अख्ख्या जिन्यात वास येतोय!"

ती धावत आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला, पातेलं मोरीत टाकल्याचा, पाण्याचा चर्र आवाज. काळा धूर दारातून बाहेर आला तेव्हा ह्यांनी वळून बघितलं. डोळ्यांनी बघितला त्यांनी तो. मग नाक वर केलं, जसं बाल्कनीत करायचे तसं, आणि लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मी त्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. श्वासासाठी धरली की त्यांच्यासाठी, मला सांगता येणार नाही.

दवाखान्यात मला तोंडावर मास्क लावून औषधाची वाफ दिली, सुया टोचल्या, दोन-तीन दिवस ठेवून घेतलं. शेजारच्या खाटांवर सगळी माझ्यासारखीच खोकणारी माणसं. त्यांच्याकडेही खिडक्या उघड्याच राहिल्या असणार. हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, उठायचे, पॅसेजमध्ये जायचे, परत यायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. लेकीने त्यांना जबरदस्तीने तिथल्याच नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आतलं अस्तर पार सुजलंय, भाजल्यासारखं झालंय. बरं होईल कदाचित, कदाचित नाहीही होणार. धुरात काम करता का, त्यांनी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून छाती भरून धूर हुंगतात."

तिने मला हे सांगितलं तेव्हा मला राग यायला हवा होता. आला नाही. मला एवढंच दिसत होतं, की जे मोकळे हात माझ्या छातीत शिरले तेच आधी ह्यांच्या नाकात शिरले होते. आठवडेच्या आठवडे, रोज तीन श्वास, सगळ्या इमारतीच्या वतीने. आणि ते हात ओरबाडतायत हे सांगायला तिथे नाकच उरलं नव्हतं.

घरी आले तर खिडक्या बंद, पट्ट्या नव्याने चिकटवलेल्या, पडदे ओले. टॉवेल आत मोरीत दांडीवर. मला कोचावर बसवून, पाठीशी उशी देऊन हे म्हणाले, "जरा आलोच." दार उघडंच ठेवून गेले. आणि मग मला जिन्यातून आवाज ऐकू यायला लागला. आधी वरच्या मजल्यावर बेल वाजली. मग आमच्या शेजारी. मग खाली. प्रत्येक दाराशी तीच वाक्यं, हळू, पण जिना घुमतो ना, मला शब्दन् शब्द येत होता.

"खिडक्या लावून घ्या. मी परवा चुकीचं सांगितलं. मला वास येत नाही आता."

लोक काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. ह्यांचंच ऐकू येत होतं. "नाही, टॉवेल बघू नका यापुढे." "नाही, मीटर बघून सांगेन मी." शेवटी तळमजला. मास्तर स्वतः खोकत खोकत बाहेर आले आणि मोठ्याने हसले. "काय नाकोबा! थट्टा करताय आमची!"

"थट्टा नाही, मास्तर," हे म्हणाले.

मग खाली मास्तरांच्या खिडक्या एकेक करून लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ऑफिसात जाऊन तेच सांगितलं. मी म्हटलं होतं, "अहो, नोकरीची शेवटचीच वर्षं राहिलीत. गप्प बसलात तर काय बिघडेल? मीटर आहेत की सोबत." माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. "आणि एखाद्या घरात माझ्या भरवशावर लोक झोपले तर?" म्हणाले. आता ह्यांना तक्रारींच्या फोनवर बसवलंय. लोक फोन करतात, आमच्याकडे वास येतोय हो. हे विचारतात, कसा येतोय, कुठून येतोय, सांगा. घरी फेऱ्या मात्र तशाच, बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. दिवसातून कितीदा तरी शेगडीपाशी जाऊन, खाली वाकून, बटणं बंद आहेत का ते डोळ्यांनी बघतात.

धूर अजून येतो-जातो आहे. सकाळी हे बाल्कनीत जात नाहीत. आधी लेकीला फोन करतात. मग मीटर बघतात. मग माझ्यापाशी येतात आणि म्हणतात, "वळ." मी पाठ करून बसते. हे पाठीला कान लावतात, खाली, वर, मध्ये, जसे रस्त्यातल्या भेगेशी वाकायचे तसेच वाकून. आत शिट्टी वाजते का ते ऐकतात. "घे श्वास. सोड. पुन्हा." पहिल्या दिवशी मला हसू आलं. म्हटलं, "आता काय, कानाचा पगार घेणार?" हे हसले नाहीत. तिन्ही गोष्टी जमल्या तरच टॉवेल बाहेर जातो. कमीच जातो. पण मास्तर अजूनही वर बघतात.

परवा संध्याकाळी हे कामावरून आले, खिशातून काहीतरी काढून माझ्या मशीनवर ठेवलं आणि चप्पल काढायच्या निमित्ताने तिकडे तोंड केलं. चंदनाच्या साबणाची वडी. तीच, त्याच दुकानातली.

"घे," म्हणाले. "आता काय हरकत आहे."

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, छाती पुरती निवेपर्यंत वासाचं काही म्हणजे काही लावायचं नाही, पावडर नाही, तेल नाही, साबण नाही. हे तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते. त्यांना माहीत नव्हतं. आणि मी आता सांगणार होते थोडीच! एवढ्या वर्षांनी आणलेली वस्तू, आणि ती कशाच्या बदल्यात आली ते मला ठाऊक होतं. मी वडी उचलली, सवयीने वेष्टनावरूनच हुंगली, "जाते हं आंघोळीला," म्हणाले आणि मोरीत जायच्या आधी ती कपाटात साड्यांच्या खाली सरकवून ठेवली. मग नेहमीच्या पांढऱ्या साबणाने आंघोळ केली.

बाहेर आले तर हे उभेच होते. वाट बघत होते. मी केस पुसत जवळ गेले. ह्यांनी मान खाली घातली, माझ्या गळ्यापाशी नाक आणलं, डोळे मिटले आणि लांब, सावकाश श्वास ओढला. रस्त्यात गुडघे टेकून ओढायचे तसा. मी हलले नाही.

"छान आहे," म्हणाले.

"आवडला?"

"आवडला ना. उगाच इतकी वर्षं मी तुला..."

मला हुंदका आला. तो दम्यासारखाच वाटला असणार, कारण ह्यांनी झटकन मला खांद्याला धरून वळवलं आणि ओल्या पाठीला कान लावला.

"गप्प," म्हणाले. "बोलू नकोस. श्वास घे."

मी घेतला.